फटकळ शास्त्रज्ञ, भविष्यातले पाहुणे आणि तिसऱ्या प्रकरणातली गडबड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही घोटाळा झाला असेल तर लगेच लक्षात येईल. कादंबरीची नायिका सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. बुद्धी तल्लख, जीभ तिखट. भविष्यातून आलेले तिघेजण तिला एका गुप्त मोहिमेत ओढतात. कच्चं हस्तलिखित वाचलेल्या मित्रांचं म्हणणं असं की पहिल्या प्रकरणात ती असह्य होते, आणि तिसऱ्यात ती त्या लोकांबरोबर इतक्या सहजी कशी निघते तेच पटत नाही. म्हणून तुम्ही विचारताय: तिला थोडी मवाळ करू का? आणि कालप्रवासाचं विज्ञान किती घालू?

मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आता विज्ञानकथांची हस्तलिखितं वाचून लेखकांना टिपणं लिहून देतो. अशी नायिका (बहुतेकदा नायकच) माझ्याकडे वारंवार येते आणि दुखणं जवळजवळ नेहमी एकाच जागी असतं. तुमच्या सारांशात ती पहिल्या प्रकरणात एका विद्यार्थ्याला रडवते, विभागप्रमुखाला सगळ्यांदेखत बावळट ठरवते आणि दार उघडं टाकलं म्हणून प्रयोगशाळेतल्या मदतनिसावर खेकसते. तिसऱ्या प्रकरणात एक अनोळखी माणूस तळहातावरची निळी चकती उजळवतो, आपण दोनशे वर्षांनंतरच्या काळातून आलो आहोत म्हणतो, आणि ती ‘थक्क होऊन’ बघत राहते. पुढच्या पानावर तिची बॅग भरलेली!

मदतनिसासमोर वाघीण आणि चकतीवाल्यासमोर गोगलगाय. जिथे तोंड सोडायला काहीच लागत नाही तिथे तिने ते सोडलं, आणि माणसाच्या इतिहासातला सर्वांत अचाट दावा कुणी समोर ठेवला तेव्हा मात्र गिळून टाकला. तुमच्या मित्रांच्या दोन तक्रारी म्हणजे ही एकच तक्रार आहे. तिला मवाळ केलंत तर पहिलं प्रकरण सुसह्य होईल, पण तिसरं आणखी पोकळ पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुम्ही धावती, विनोदी साहसकथा लिहीत असाल, तर पुढचं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल. तिथे वाचक चकतीवर विश्वास ठेवायला तयार होऊनच बसलेला असतो. पण नायिकेची बुद्धी हाच कथेचा कणा असेल, आणि सारांशावरून तसंच दिसतंय, तर ती बुद्धी पानावर काम करताना दिसली पाहिजे. ‘ती अतिशय हुशार होती’ हे निवेदकाने दहादा सांगून भागत नाही.

आता फटकळपणाबद्दल. वोल्फगांग पाउलीची जीभ भौतिकशास्त्रात दंतकथेसारखी सांगितली जाते. एका कच्च्या निबंधाबद्दल ‘हे चूक म्हणण्याच्याही लायकीचं नाही’ अशा अर्थाचं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे. ऐकायला नुसता टोमणा वाटतो, पण त्यात एक काटेकोर निकष आहे: जे तपासताच येत नाही ते चूकसुद्धा ठरवता येत नाही. हाच पाउली १९३० साली अडचणीत होता. बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या प्रक्रियेत, ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता आणि तो जुळवायला त्याने एक नवा, विद्युतभार नसलेला, जवळजवळ पकडता न येणारा कण सुचवला. डिसेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या बैठकीला त्याने पत्र धाडलं. मायना होता ‘प्रिय किरणोत्सारी बंधुभगिनींनो’. स्वतःच्या कल्पनेला त्यात त्याने अगतिक माणसाचा उपाय म्हटलंय, आणि झ्युरिकमध्ये एक नृत्यसमारंभ असल्यामुळे आपण येऊ शकत नाही असंही कळवलंय. तो कण म्हणजे न्यूट्रिनो. प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडलं.

मला या पत्रात रस आहे तो त्यातल्या सुरामुळे. दुसऱ्याच्या अंगावर जी सुरी चालवायची तीच तो आधी स्वतःच्या कल्पनेवर चालवतो. तुमच्या नायिकेला पहिल्या प्रकरणात नेमकं हे द्या. विद्यार्थ्याच्या निबंधातलं एक पद तिने खोडलं, ठीक. त्याच पानावर तिला स्वतःच्या सहा महिन्यांच्या कामातली एक गृहीत धरलेली पायरी खटकू दे, आणि ते सगळं काम तिने त्याच थंडपणाने बाजूला सारू दे. एवढ्याने वाचक तिचं तोंड सहन करेल. न्याय सर्वांना सारखा आहे हे दिसलं की कठोर माणसाबद्दलही आपल्याला विश्वास वाटतो.

पण किंमतही दाखवा. याच पाउलीने १९२५ च्या सुरुवातीला राल्फ क्रोनिग नावाच्या तरुणाची एक कल्पना उडवून लावली. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो असं क्रोनिग म्हणत होता. कल्पना चतुर आहे पण निसर्गाशी तिचा संबंध नाही, असा पाउलीचा अभिप्राय. क्रोनिगने ती छापली नाही. त्याच वर्षी उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी तीच कल्पना छापली आणि श्रेय त्यांच्याकडे गेलं. पुढे या फिरकीचं गणित खुद्द पाउलीनेच बसवून दिलं. तुमच्या कथेत असा एक क्रोनिग हवा. पहिल्या प्रकरणात रडवलेला तो विद्यार्थी आयता हाताशी आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं हे नायिकेला पंधराव्या प्रकरणात कळलं, आणि तेही भविष्यातल्या माणसाने सहज बोलता बोलता त्याचं नाव घेतल्यामुळे, तर वेगळं काही न लिहिता तुम्हाला एक जबरदस्त प्रसंग मिळेल.

सगळे काटेरी शास्त्रज्ञ पाउलीसारखे नसतात, हेही ध्यानात घ्या. न्यूटन डूख धरणारा होता. प्रकाशावरचा त्याचा ग्रंथ १७०४ मध्ये बाहेर आला, त्याच्याशी वाद घालणाऱ्या हूकच्या मृत्यूनंतर वर्षभराने. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजली, पण माणसांना तो इतका बुजायचा की घरातल्या नोकर स्त्रियांना सूचना चिठ्ठीवर लिहून द्यायचा. डिरॅकबद्दल सांगतात की व्याख्यानानंतर कुणीतरी ‘फळ्यावरचं ते समीकरण मला समजलं नाही’ म्हणालं तेव्हा तो गप्प उभा राहिला, आणि उत्तर का देत नाही असं विचारल्यावर म्हणाला, ते विधान होतं, प्रश्न नव्हता. आकस, बुजरेपणा, शब्दशः वागणं, धारदार टीका, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची नायिका सध्या प्रसंग पडेल तसं चारही करते, म्हणून ती माणूस न वाटता नुसती चिडचिड वाटते. एक निवडा.

जाता जाता एक. नायिकेऐवजी नायक असता तर ‘मवाळ करा’ हा सल्ला मित्रांनी दिला असता का, हेही त्यांना विचारून बघा. १९२५ साली सिसिलिया पेन हिने प्रबंधात दाखवलं की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन आणि हेलियम बाकी सगळ्या मूलद्रव्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत. त्या काळी मत होतं की सूर्य साधारण पृथ्वीच्याच घटकांचा बनलाय. हेन्री नॉरिस रसेल या क्षेत्रातला मोठा माणूस, त्याने तिला सांगितलं की हे अशक्य आहे. तिने प्रबंधात वाक्य घातलं की हे आकडे जवळजवळ नक्कीच खरे नसावेत. १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचला. बरोबर आलेलं उत्तर मोठ्या माणसाच्या शब्दाखातर जिने एकदा सौम्य करून लिहिलंय, ती बाई पुढे कुणाच्याही शब्दाखातर काहीही सौम्य करणार नाही. तुमच्या नायिकेच्या तिरसटपणाला असं एखादं मूळ द्या. पण ते एका परिच्छेदात उरका, आणि शक्यतो ती स्वतः नव्हे, दुसरं कुणीतरी सांगू दे. बालपणीचं दुःख नको. ते आता फार झालंय.

इथून पुढे तिसरं प्रकरण. माझा सल्ला: या प्रकरणात पाहुणे तिला निवडत नाहीत, ती पाहुण्यांची परीक्षा घेते. मोहिमेचं आमंत्रण द्यायला आलेले तिघे घामाघूम झाले पाहिजेत.

चकती बाद. अनोळखी यंत्राने एवढंच सिद्ध होतं की समोरच्याकडे अनोळखी यंत्र आहे. समजा त्यांनी सहाशे सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव पाडून दाखवले, जे आजवर कुणाला जमलेलं नाही. हे तिला आवडेल, कारण गुणाकार करून क्षणात पडताळता येतं. पण लगेच तिच्या लक्षात येईल की यातून त्यांच्याकडे जबरदस्त संगणक आहे एवढंच ठरतं, ते कुठल्या काळातले आहेत हे नाही. एखाद्या नैसर्गिक स्थिरांकाचे पुढचे चार अंक सांगितले तर? ते अंक मोजता येईपर्यंत तिला पंधरा वर्षं थांबावं लागेल. वृत्तपत्रातले मथळे, निवडणुकांचे निकाल, शर्यतीतले घोडे हे सगळं माणसांच्या हातचं, म्हणजे घडवून आणता येणारं.

असा प्रसंग मी लिहिला तर साधारण असा लिहीन:

‘चकती खिशात ठेवा. आज पृथ्वीवर कुणालाच ठाऊक असणं शक्य नाही असं काहीतरी सांगा. आणि ते मला आठवडाभरात तपासता आलं पाहिजे.’

‘उदाहरणार्थ?’

‘उदाहरण मी दिलं तर परीक्षा कसली?’

आता उत्तर पाहुण्यांना शोधावं लागेल, आणि उत्तर चांगलं असेल तर आकाशातच सापडेल. २३ फेब्रुवारी १९८७ ला सुमारे एक लाख अडुसष्ट हजार प्रकाशवर्षं दूरच्या एका अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या तीन यंत्रांनी मिळून जेमतेम दोन डझन पकडले, तेही काही सेकंदांत. प्रकाश दिसला त्याच्या सुमारे तीन तास आधी. असल्या घटनेची वेळ आठवडाभर आधी कुणी सांगितली तर लबाडीला जागाच उरत नाही. तारा पृथ्वीवरच्या कुणी फोडलेला नाही, आणि तिथून निघालेली बातमी प्रकाशापेक्षा वेगाने इथे येऊ शकत नाही. तुमच्या कथेचं साल वेगळं असेल तर स्वतःचा अतिनवतारा रचा. फक्त पाहुण्याने वेळ सांगितल्यावर नायिकेने पहिला प्रश्न विचारला पाहिजे: कोणत्या घड्याळाने? १९८७ मध्ये जपानच्या कामिओकांडे यंत्राच्या घड्याळात एका मिनिटाची अनिश्चितता होती. हे तिला माहीत असणार, आणि पाहुण्यांनाही माहीत असेल तर तिच्या भुवया पहिल्यांदा वर जातील.

गुरुत्वलहरींचं भाकीत मात्र तिला पुरणार नाही, आणि याचं कारण मला स्वतःला फार आवडतं. सप्टेंबर २०१० मध्ये गुरुत्वलहरी शोधणाऱ्या यंत्रांत एक सुरेख संकेत उमटला. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन् महिने त्यावर काम केलं, शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडून सांगण्यात आलं की हा संकेत मुद्दाम, गुपचूप घातलेला होता. सगळ्यांची कसोटी घ्यायला. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ ला खरी गुरुत्वलहर आली तेव्हा पहिली शंका ‘कुणी घातलंय का हे?’ अशीच होती. तुमची नायिका या जगात वाढली आहे. ती म्हणेल, ‘पाकीट कुणाकडे आहे ते आधी सांगा.’ हा एक संवाद तिच्या हुशारीबद्दल पानभर विशेषणांपेक्षा जास्त बोलतो, आणि तिरसटही वाटतो. दोन्ही कामं एकाच वाक्यात होतात, म्हणून मी तिला मवाळ करू नका म्हणतोय.

बरं, पाहुणे परीक्षेत पास झाले. आता तुम्हाला कालप्रवासाचे नियम ठरवावेच लागतील. ते पानावर किती यायचे हा पुढचा भाग, पण तुमच्या वहीत ते पक्के हवेत. आणि इथे, माझ्या मते, तुमच्या कथेला आयता खजिना सापडतो.

१९८८ मध्ये मॉरिस, थॉर्न आणि युर्टसेव्हर यांनी दाखवलं की कृमिविवर, म्हणजे अवकाशातल्या दोन ठिकाणांना जोडणारं भुयार, टिकवून धरता आलं आणि त्याचं एक तोंड प्रचंड वेगाने लांब नेऊन परत आणलं, तर दोन तोंडांच्या काळात फरक पडतो आणि भुयार कालयंत्र बनतं. त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, ती पुरेशी मिळेल का हा मोठाच प्रश्न आहे. पण कथाकाराने बघायची अट वेगळी: असल्या यंत्रातून ते यंत्र बनण्याआधीच्या काळात जाता येत नाही. म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे लोक नायिकेच्या काळात आले असतील, तर भुयाराचं तोंड नायिकेच्या काळात आधीच कुठेतरी अस्तित्वात आहे. तिला हे दहा सेकंदांत कळेल, आणि ती चकतीबद्दल, भविष्याबद्दल, मानवजातीच्या संकटाबद्दल काहीही न विचारता एवढंच विचारेल: ‘दार कुठे आहे? कुणी बनवलं?’

बघा, ‘एवढ्या पुढारलेल्या लोकांना हीच बाई का हवी’ या प्रश्नाचं उत्तर इथे दडलंय. हा प्रश्न मित्रांनी विचारलेला नाही, पण पुढचे वाचक विचारतील. भविष्यातल्या साध्या विद्यार्थ्यालाही तिच्यापेक्षा जास्त भौतिकशास्त्र येत असणार. मग तिची हुशारी त्यांच्या काय कामाची? ते दार तिच्याच प्रयोगातून, तिच्या नकळत, उघडलं असेल तर प्रश्न मिटतो. किंवा दार बनवणाऱ्यांच्या नोंदी नष्ट झाल्या असतील आणि त्या काळाची, त्या यंत्रांची, त्या माणसांची माहिती फक्त तिला असेल. मला दुसरा पर्याय जास्त भावतो, पहिल्यात योगायोग फार जाड आहे. पण ते तुमच्या बाकीच्या कथानकावर अवलंबून.

कुर्ट ग्योडेलने १९४९ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांचं असं एक उत्तर शोधलं की त्यात संपूर्ण विश्व फिरतं आणि प्रवासी स्वतःच्या भूतकाळात पोहोचू शकतो. तिथे यंत्राच्या जन्मतारखेची अट नाही, पण ते विश्व आपलं नाही. आणि हॉकिंगने १९९२ मध्ये मत मांडलं की निसर्ग असलं काही घडूच देत नसावा. २००९ मध्ये त्याने कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मेजवानी झाल्यावर जाहीर केली. कुणीच आलं नाही. तुमच्या नायिकेला ही गोष्ट माहीत असणार, आणि पाहुण्यांना ती ‘तुम्ही तेव्हा का आला नाहीत?’ असं खवचटपणे विचारणारच. विचारू द्या. पण पाहुण्यांचं उत्तर तयार ठेवा.

आता भूतकाळ बदलतो की नाही. ढोबळ तीन वाटा आहेत: इतिहास एकच आणि तो स्वतःशी सुसंगत, प्रत्येक फेरीला नवा फाटा फुटतो, किंवा इतिहास खोडून पुन्हा लिहिता येतो. तिसरी वाट सोपी वाटते, पण नायिका ज्या तऱ्हेची आहे ती पाहता ती पहिल्याच दिवशी त्यातले विरोधाभास काढून पाहुण्यांना हैराण करेल. पहिल्या वाटेबद्दल लेखकांना भीती असते की सगळं ठरलेलंच असेल तर कथेत उरलं काय. तर हे उदाहरण पाहा. जोसेफ पोल्चिन्स्कीने थॉर्नपुढे एक कोडं टाकलं: बिलियर्डचा चेंडू कृमिविवरात जातो, थोडा आधीच्या काळात बाहेर पडतो आणि स्वतःलाच धडकून आत जाण्यापासून अडवतो. मग तो बाहेर आला कसा? १९९१ मध्ये गणित करून दिसलं की सुसंगत उत्तर निघतं. बाहेर आलेला चेंडू जुन्या चेंडूला पुरता अडवत नाही, फक्त चाटून जातो. त्या चाटण्यामुळे जुना चेंडू जरा तिरका आत जातो, आणि तिरका गेल्यामुळेच बाहेर येऊन नुसता चाटून जातो. सगळं जुळलं.

पण खरी गंमत पुढे आहे. अशी सुसंगत उत्तरं एक नव्हे, असंख्य निघाली. सुरुवात तीच, नियम तेच, आणि तरी पुढे काय होईल हे एकमेव ठरत नाही. म्हणजे एकच इतिहास असलेल्या विश्वातही नायिकेसाठी मोकळी जागा आहे. जे नोंदलं गेलंय ते ती बदलू शकत नाही, पण नोंदींच्या मधल्या फटीत काय घडलं हे अजून मोकळं आहे. तुमची गुप्त मोहीम त्या फटीत बसवा. ‘अमुक स्फोट थांबवा’ हे काम या विश्वात होणारच नाही, कारण स्फोट नोंदलेला आहे. ‘स्फोटाच्या वेळी इमारतीत कोण होतं याची नोंद नाही’, हे काम होऊ शकतं. असं काम डोक्याने करायचं असतं, आणि त्यासाठी शास्त्रज्ञ लागतो.

मोहीम गुप्त का, याचंही उत्तर याच नियमातून यायला हवं. सुसंगत इतिहासात तिला एखादी गोष्ट सांगितली की ती नोंद झाली आणि फट तेवढी बुजली. म्हणजे पाहुण्यांना गप्प राहण्याचं खरं, भौतिकशास्त्रीय कारण आहे. फाटे फुटणाऱ्या विश्वात तसं कारणच नाही. तिथे कुणी काही लपवत असेल तर ते निव्वळ राजकारण. नायिकेला आपण कोणत्या तऱ्हेच्या विश्वात आहोत हे एकदा कळलं, की पाहुणे खोटं बोलताहेत का हेही तिला काढता येईल. कथेच्या मध्यावर हा शोध ठेवा. सध्या तुमच्या मध्यावर एक पाठलाग आहे. तो ठीक आहे, पण असा पाठलाग कुठल्याही कादंबरीत बसला असता.

गुप्तता आणि शास्त्रज्ञ यांचं पटत नाही, याचा खरा नमुना हवा असेल तर लॉस अलामोस पाहा, म्हणजे अमेरिकेने अणुबाँब बनवला ती गुप्त प्रयोगशाळा. लष्कराला प्रत्येकाला त्याच्यापुरतंच सांगायचं होतं. तिथला प्रमुख ओपेनहायमर याने आग्रह धरून शास्त्रज्ञांच्या खुल्या चर्चासभा सुरू ठेवल्या, कारण चूक पकडायला तिच्याकडे बघणारे डोळे लागतात. नील्स बोर तिथे निकोलस बेकर नावाने वावरायचा. फाइनमनने नंतर सांगितलंय की आकडेमोडीला बसवलेल्या तरुणांना आपण कशासाठी आकडे चालवतोय हे माहीतच नव्हतं. त्यांनी नऊ महिन्यांत तीन गणितं सोडवली होती. परवानगी काढून त्यांना काम समजावून सांगितल्यावर तीन महिन्यांत नऊ सोडवली. तुमच्या मोहिमेत हीच ठिणगी हवी. पाहुणे म्हणतात, तुला एवढंच कळून पुरे. ती म्हणते, अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. हे भांडण स्वभावांचं दिसतं, पण दोघांकडेही बिनतोड कारण आहे. असं भांडण शंभर पानं चालतं.

मग ती जाते का? इथे मी तुम्हाला एकच उत्तर देणार नाही, कारण ते तुम्हाला ती कशी हवी आहे यावर आहे. लीझ माइटनरला अणुबाँबच्या कामात बोलावलं तेव्हा तिने साफ नकार दिला. जोसेफ रोटब्लाट गेला, आणि जर्मनीकडे बाँब नाही हे कळल्यावर १९४४ च्या अखेरीस निघून आला. बाकी बरेच जण थांबले, त्यांतल्या काहींना प्रश्न इतका रंगतदार होता की दुसरं काही सुचतच नव्हतं. तुमची नायिका या तिसऱ्या गटातली असावी असा माझा अंदाज. ‘मानवजातीला वाचवायचंय’ म्हणून ती निघाली तर मला खोटं वाटेल. दार कुणी बनवलं हे कळल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून ती निघाली, आणि आपण नक्की कशात सामील झालो हे तिला उशिरा उमगलं, तर ते पटेल आणि थोडं भीतिदायकही वाटेल.

विज्ञान किती घालायचं हे आता फार अवघड राहत नाही. जे कळल्यावाचून नायिकेचा पुढचा निर्णय समजत नाही तेवढंच, आणि तेही भांडणातून. तुमच्या चौथ्या प्रकरणातलं व्याख्यान, जिथे पाहुणा तीन पानं सापेक्षता समजावतो आणि ती मान डोलावते, ते पूर्ण काढा. तिला सापेक्षता कुणी समजावेल? ती मध्येच तोडेल. आणि त्यात पाहुणा तिला सांगतो की काळात उडी मारताना पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने पुढे गेलेली असते, म्हणून यंत्र जागाही हिशेबात धरतं. हा मुद्दा चाणाक्ष वाचकाचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ विचारेल, ‘पुढे गेली, पण कशाच्या सापेक्ष?’ पृथ्वी सूर्याभोवती, सूर्य आकाशगंगेभोवती. ‘तीच जागा’ याला निसर्गात कायमचा अर्थ नाही. त्या तीन पानांच्या जागी तिचा हा एक प्रश्न आणि पाहुण्याची पंचाईत ठेवा.

कामाचा क्रम विचाराल तर पहिल्या प्रकरणाला आत्ता हात लावू नका. आधी वहीत दोन ओळींत लिहा: दार कधी बनलं, आणि इतिहास एकच की फाटे फुटणारा. मग तिसरं प्रकरण नव्याने लिहा, निळ्या चकतीशिवाय, आणि त्यात तिला किमान एकदा तरी पाहुण्यांना दारातून परत पाठवू द्या. ते लिहून झाल्यावर मित्रांना फक्त तेच प्रकरण वाचायला द्या, पहिलं नको. ती अजूनही असह्य वाटते का ते विचारा. वाटत असेल तर दोन्ही प्रकरणं मला पाठवा, बघतो.